गाढवं चुकवत चुकवत

आमच्या शेजारच्या काकांची उभी हयात तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करण्यात गेली. कंपनी बंद पडली, फायनल हिशेब अजून यायचाय. त्यामुळे कुठल्याही कंपनीचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बनवते काय?" पुतणीला आयटीतलं स्थळ आलं, तेव्हा मुलालाही त्यांनी हेच विचारलं होतं.

परवा डहाणू लोकलमध्ये त्यांना मायक्रोसॉफ्ट समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. निमित्त समोरच्या बाईंच्या कँडी क्रशचं. हा खेळ आता मायक्रोसॉफ्टचा, असं मी सहज बोलून गेलो. काकांनी स्वतःच्या मोबाइलवरच्या लुडोतून मान वर केली. "ती कॉम्प्युटरवाली ना? तिला गोळ्या-चॉकलेटं कशाला हवीत?"

प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्यासोबत 'डाँकी' नावाचा खेळ होता. रस्त्यात गाढवं येतात, आपण स्पेसबार दाबून गाडी या लेनमधून त्या लेनमध्ये घालायची. बास. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स. चिल्हार फाट्यावरून रोज आमच्या बोईसरला येणाऱ्या माणसाला यात खेळ कसला तेच कळणार नाही. इकडे गाढवांच्या जागी ट्रेलर आणि खड्डे, आणि स्पेसबार नाही.

पुढे बरीच वर्षं मायक्रोसॉफ्टनं टीव्हीला जोडून खेळायचा स्वतःचा डबा काही काढला नाही. १९९९मध्ये सोनीनं प्लेस्टेशन टू जाहीर केलं आणि मायक्रोसॉफ्टचं धाबं दणाणलं. टीव्हीखालचा हा डबा उद्या सिनेमा दाखवेल, इंटरनेट जोडेल; मग विंडोजवाला कॉम्प्युटर घेणार कोण? खेळाच्या प्रेमापोटी नाही, लोकांचा दिवाणखाना हातचा जाईल या धास्तीनं नोव्हेंबर २००१मध्ये एक्सबॉक्स बाजारात आला. त्याआधी निन्टेंडोलाच विकत घ्यावं म्हणून यांची माणसं बोलणी करायला गेली, तर समोरचे पोट धरून हसले, असं एक्सबॉक्सच्या एका जुन्या अधिकाऱ्यानं पुढे सांगितलं. हसणारच! १८८९ साली क्योटोत पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेली कंपनी ती. पण डबा तोट्यात विकायचा आणि पैसा गेममधून काढायचा, हे मायक्रोसॉफ्टला झेपलं, कारण विंडोज आणि ऑफिसचा गल्ला भरलेला होता. सेगाला असा गल्ला नव्हता. त्यांनी २००१मध्येच डबे बनवणं सोडलं.

ही लढाई बोईसरपर्यंत पोचलीच नाही. आमच्याकडे निन्टेंडोची चिनी नक्कल. कॅसेट फुंकून आत घातली की मारिओ नाहीतर कॉन्ट्रा, आणि ऐन शेवटच्या टप्प्यावर लोडशेडिंग. तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर, तरी दिव्याखाली अंधार!

इकडे कंपन्यांची खरी झुंबड उडाली ती २०१६मध्ये जिओनं डेटा स्वस्त केल्यावर. काकांचा लुडो किंग त्याच वर्षीचा, नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा. मग पबजी आला, २०२०मध्ये सरकारनं बंद केला, वर्षभरात नाव बदलून परत आला. फर्स्ट शिफ्ट सुटलेली पोरं दारात लटकूनही "मागे बघ, मागे!" ओरडत असतात, मागचा प्रवासी दचकून वळतो. टीव्हीखालची जागा राहिली बाजूला, मला तर वाटतं जगातल्या मोठमोठ्या कंपन्या आता विरार-बोईसरच्या आमच्या पाऊण तासावर टपल्यात. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली, त्यातच कँडी क्रश आला.

"म्हणजे जो येतो तो जिंकतो," काका म्हणाले.

तसंही नाही. गुगलनं २०१९मध्ये स्टेडिया काढली. डबाच नको, खेळ थेट इंटरनेटवरून. भारतात ती आलीच नाही, आणि वैतरणेच्या पुलावर साधा फोन कट होतो, तिथे तिचं काय झालं असतं हे सांगायला इंजिनीअर नको. जानेवारी २०२३मध्ये गुगलनं गाशा गुंडाळला. लोकांनी घेतलेल्या गेमचे आणि यंत्रांचे पैसे मात्र परत केले.

काकांच्या सोंगटीची पाळी आली होती, पण बोट अधांतरीच राहिलं.

"बंद करताना पैसे परत दिले?"

"हो."

"कोर्टात न जाता?"