दुसरा मोजा

मोजा विणण्यात अवघड असं काही नाही. अवघड असतो तो दुसरा मोजा. पहिल्याच्या वेळी लोकर नवी असते, नमुना नवा असतो, टाच कशी वळते याची उत्सुकता असते आणि घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण "अय्या, हाताने?" म्हणून जातो. दुसऱ्याच्या वेळी तोच रंग, तेवढेच टाके, तीच टाच आणि विचारायला कुणी नाही. विणणाऱ्या बहुतेक बायकांच्या कपाटात एखादा तरी एकटा मोजा डांबरगोळीशेजारी पडून असतो. स्वेटरचं बरं असतं, माणसाला एका वेळी एक पुरतो. बाह्या दोन लागतात हे खरं, पण त्यांचा कंटाळा आलाच तर बिनबाह्यांचा स्वेटर म्हणून तो खपून जातो. एका मोज्याला असं दुसरं नाव नाही.

मुळात महाराष्ट्रात लोकरीचे मोजे हवेत कुणाला? निफाडचा पारा खाली गेला की पेपरात बातमी येते, म्हणजे थंडी ही आपल्याकडे बातमी आहे, हवामान नव्हे. शिवाय फुटपाथवर शंभर रुपयांत तीन जोड मिळत असताना महिना-महिना एका जोडाशी झटणाऱ्या बाईकडे घरचे कसे बघतात, ते सांगायला नको. तरीही मोजे विणले जातात, कारण बाळंतविडा. कुंची, टोपडं, झबली, दुपटी यांच्याबरोबर लोकरीचा सेट हवाच, मग बाळ ऐन मे महिन्यात का जन्मेना.

"आत्या, मोजे किती गोड आहेत! पण डॉक्टर म्हणालेत, फार गुंडाळू नका."

"डॉक्टरांना काय होतंय सांगायला? तळपाय बघ त्याचे, गार पडलेत."

तान्ह्या बाळाचे तळपाय जरा गारच असतात. पण हे आत्याला सांगायचं कुणी? तोवर बाळाने पाय झटकून मोजा पलंगाखाली धाडलेला असतो. त्याचा दोष नाही. मोजा अडकायला टाच लागते आणि तान्ह्याला टाच नावापुरतीच असते. म्हणून घोट्यापाशी जाळीची एक ओळ काढून तिच्यातून नाडी ओवतात आणि नाडीच्या टोकांना गोंडे लावतात. नाडीने मोजा पायावर टिकतो. मग बाळ पाय तोंडाशी नेऊन गोंडा चोखत बसतं आणि आई कात्रीने गोंडे कापून टाकते. ती बरोबरच करते, पण गोंडे करणारीच्या पोटात कालवतं.

बाळाचे हातमोजे मात्र सुखाचे. त्यांना अंगठा नसतो. नखांनी तोंड ओरबाडू नये एवढंच त्यांचं काम, त्यामुळे ती एक पिशवी विणली की झालं. खरी परीक्षा मोठ्यांच्या हातमोज्यांत. माझ्या जावेचा मुलगा टोरांटोला असतो. तिकडची थंडी ऐकून तिने त्याच्यासाठी आणि सुनेसाठी जाड लोकरीचे हातमोजे विणून पाठवले. अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र. बोटं एकमेकांना ऊब देतात म्हणून कडक थंडीत हाच प्रकार चांगला. पुढे एकदा व्हिडिओ कॉलवर सून स्वयंपाकघरात दिसली. हातात तेच मोजे होते आणि मोज्यांत ओव्हनमधून काढलेला केकचा डबा. "आई, काय मस्त उपयोग होतोय!" जाऊबाईंनी फोन ठेवला आणि त्या आठवड्यात सुईला हात लावला नाही.

आता सुयांविषयी. आपल्या दुकानांत अजून जुने इंग्रजी नंबर चालतात आणि ते उलटे आहेत. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: 10 नंबरची सव्वातीन मिलिमीटर, 12 नंबरची पावणेतीन, 14 नंबरची 2. तुळशीबागेत नवखी मुलगी "मोठी द्या" म्हणते आणि दुकानदार तिला विचारतो, "नंबरने मोठी की जाडीने?" लोकरीचंही तसंच. लोकर म्हणून आपण घेतो ती बहुतेक वेळा लुधियानाहून आलेली अ‍ॅक्रिलिक असते, तिचा मेंढीशी काही संबंध नसतो. आपल्याकडे दख्खनी मेंढ्या आहेत, पण त्यांची लोकर राठ. घोंगडीला उत्तम, तिचे मोजे घालायचे तर तळव्याला आधी घट्टे हवेत. अ‍ॅक्रिलिक मात्र धुवायला बिनघोर. अस्सल लोकरीचा मोजा कुणी गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकला तर तो आटून थेट बाळंतविड्यात जातो.

मोजा गोल विणायला दोन्ही टोकांना अणी असलेल्या सुया लागतात. तिघींवर टाके वाटून द्यायचे आणि चौथीने विणत जायचं. 60 टाक्यांचा मोजा असेल तर टाचेसाठी 30 टाके एका सुईवर घेतात, उरलेले 30 थांबवून ठेवतात. त्या 30 वर मागेपुढे विणून आधी एक चौकोनी पट्टी करायची. मग खरी गंमत. 17 टाके सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ तिथेच अर्धी टाकून काम फिरवायचं. परतताना पहिला टाका न विणता नुसता उचलायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, की पुन्हा फिरवायचं. ओळ पूर्ण करायची सवय लागलेल्या बाईला हे जिवावर येतं. पण असं करत गेलं की दर ओळीला एक टाका कमी होऊन 30 चे 18 उरतात आणि सपाट पट्टीला आपोआप वाटीसारखी खोली येते. शिवण नाही, कातर नाही, आणि विणकाम काटकोनात वळलेलं. कितीही मोजे विणलेले असोत, या जागी बाई थांबते आणि त्या वाटीत अंगठा घालून बघते. नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी होते. टाके 17 मोजायचे, शिट्ट्या तीन. एक आकडा चुकतो. डाळ पुन्हा शिजवता येते, म्हणून बहुतेकजणी टाकेच मोजतात.

पुढे टोकाची जोडणी. चवड्यावर शिवणीची गाठ आली तर ती बुटात टोचते, म्हणून दोन बाजूंचे टाके सुईदोऱ्याने असे जोडायचे की जोड दिसूच नये. इंग्रजीत या जोडणीला लॉर्ड किचनेरचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे पाय सोलवटू नयेत म्हणून त्याने ती सुचवली, अशी गोष्ट सांगतात. किचनेर 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि त्याच्याशी झालेल्या भांडणातून व्हाइसरॉय कर्झनने 1905 साली राजीनामा दिला. ज्याचं व्हाइसरॉयशी जुळलं नाही, त्याच्या नावावर न दिसणारा जोड असावा, हे मला फार आवडतं.

पूर्वी चपलेवर मोजे घातले की आम्हाला हसत. हसणाऱ्यांना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाठवायला हवं. तिथे इजिप्तमध्ये सापडलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा दीड हजारहून अधिक वर्षांपूर्वीचा जोड आहे. तो दोन सुयांवरचा नाही, एकाच सुईने केलेला आहे. आणि त्याचा अंगठा वेगळा आहे, कारण तो चपलेतच घालायचा होता. स्कूटीवरून जाणाऱ्या पुण्याच्या बायका अंगठ्याचे मोजे घालतात, ते हेच. मला त्याहून कौतुक याचं की तो जोड आहे. त्या बाईने की बाप्याने, जो कुणी असेल त्याने, दुसराही पुरा केला.

दुसरा पुरा होतो तो कुणीतरी वाट बघत असलं की. 1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणत होत्या. ज्यांनी कधी बर्फ पाहिला नव्हता, त्याही. एक पाय झाकून लडाखला जाता येत नाही, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. आज वाट बघणारं कुणी नसतं, म्हणून दुसरा मोजा रखडतो. त्यावर उपाय एकच: सुयांचे दोन संच घ्या आणि दोन्ही मोजे बरोबरच चालवा. याची पट्टी झाली की त्याची पट्टी, याची टाच वळली की त्याची. अर्धे राहिले तर दोन्ही राहतील, निदान एकावर अन्याय होणार नाही.

आणि बाळासाठी विणणार असाल तर जन्माच्या मापाने विणू नका, सहा महिन्यांचं माप धरा. जन्माच्या मापाचे मोजे बारशाचे फोटो निघेपर्यंतच बसतात. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून सैल घाला. गोंडे लावू नका.