बाजाराविषयी मत कसे बाळगावे

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. म्हणून होतकरू गुंतवणूकदाराने आपले मत नऊपर्यंत तयार ठेवावे. त्याला अर्थशास्त्र लागत नाही, चहा आणि वर्तमानपत्र पुरते. रात्री अमेरिकेत पडझड झाली असेल तर ‘आज आपलाही आपटणार’ असे ठणकावून सांगावे. आपला वर गेलाच, तर ‘आपला पाया भक्कम आहे’ म्हणावे. दोन्ही विधाने एकाच दिवशी खपतात, फक्त मध्ये जेवण व्हायला हवे.

घसरणीचे कारण सापडले नाही तर ‘नफावसुली’ म्हणून मोकळे व्हावे. आयुष्यात कधी नफा न पाहिलेल्याच्या तोंडीही हा शब्द शोभतो. ‘परदेशी संस्थांनी विकले’ हेही चालते. ते घेतले कोणी, असे सहसा कुणी विचारत नाही.

निवडणुकीचा अभ्यास मात्र २०२४ वरून करावा. सोमवारी, ३ जूनला, मतदानोत्तर चाचण्यांच्या आनंदात सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला. स्थिर सरकार येणार ना! मंगळवारी निकाल लागला आणि तो सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला, कारण आघाडीचे सरकार येणार. शुक्रवारी तो सोमवारच्याही वर बंद झाला. का? तर आघाडीचे सरकार स्थिर असणार. ज्याला या तिन्ही दिवशी ‘मला वाटलंच होतं’ म्हणता आले, त्याने उरलेला पाठ सोडून दिला तरी चालेल.

बातमीवरून शेअर निवडताना ताळेबंद उघडू नये, वेळ जातो. नाव वाचावे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देश प्राणवायूसाठी तडफडत होता, तेव्हा ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’ या कंपनीचा भाव काही आठवड्यांत दुपटीहून अधिक झाला, रोज अप्पर सर्किटला भिडू लागला. कंपनीने वायूंचा धंदा २०१९ मध्येच बंद केला होता. तिचे उत्पन्न शेअर, म्युच्युअल फंड अशा गुंतवणुकींतून येत होते. म्हणजे सिलिंडरच्या आशेने आलेल्यांनी दुसऱ्या एका गुंतवणूकदाराचेच शेअर चढ्या भावाने घेतले. कंपनीने फसवले म्हणावे, तर नावातच पुढे ‘इन्व्हेस्टमेंट्स’ लिहिले होते. पण इतके लांब नाव शेवटपर्यंत कोण वाचतो?

घेतलेला शेअर पडला, की तो दीर्घ मुदतीचा होतो. आणखी पडला, की मुलाच्या शिक्षणाचा. त्याही खाली गेला, तर नातवाचा. मुलगा अजून बालवाडीत असला तरी हरकत नाही.

भाकीत नेहमी उशिरा करावे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. मध्ये दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याने व्यवहार पाऊण तास थांबले होते. त्या पाऊण तासात काहीही बोलू नये. वर्षअखेरीस तो ४७ हजारांच्या पुढे गेल्यावर ‘मार्चमध्येच म्हणालो होतो, घ्या’ असे सांगावे.

एवढ्यावर थांबणाऱ्याचा खर्च चहापुरता असतो. मताला पैसे लावल्याशिवाय ज्याला राहवत नाही, त्याने फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळण्यापूर्वी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल चाळावा. २०२१-२२ पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत तिथे उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. आणि सलग काही वर्षे तोटा सोसूनही त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी व्यवहार चालूच ठेवले.