तिथेच की तेव्हाच?

लग्नाची डीव्हीडी कपाटातून बाहेर निघायला दोनच कारणं लागतात. एक तर त्या लग्नाला आलेलं कुणीतरी जगातून गेलेलं असतं आणि हार घालण्याजोगा त्यांचा फोटो कुठे सापडत नसतो. नाहीतर त्या लग्नातून झालेली मुलं आता एवढी मोठी झालेली असतात, की आपले बाबा एके काळी घोड्यावर मावत होते हे त्यांना पुराव्यासकट दाखवावं लागतं. आमच्याकडे दुसरं कारण होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेहून आत्या, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं पुण्याला आली, ती येताना आतेभाऊ-वहिनीच्या २००७ सालच्या लग्नाची डीव्हीडी घेऊनच. डीव्हीडीवर नवरानवरीचा गोल कागदी फोटो चिकटवलेला, भोवती गुलाब, आणि मधलं भोक नेमकं मागे उभ्या असलेल्या भटजींच्या डोक्याच्या जागी.

हल्लीच्या लॅपटॉपना डीव्हीडी घालायची सोयच नसते. माझा जुना आहे, त्याचा ट्रे अजून बाहेर येतो, आणि केवळ तेवढ्या बळावर नातेवाइकांत मला थोडा मान आहे. रात्रीची जेवणं उरकली की दिवाणावरच्या गादीवर लॅपटॉप ठेवायचा, त्याच्यासमोर सतरंजीवर सगळ्यांनी बसायचं आणि गणेशपूजनापासून सुरुवात करायची, असा क्रम ठरला. गणेशपूजन झालं, हळद झाली. व्हिडिओवाल्यानं आपली सगळी विद्या ओतली होती. नवरी बदामाच्या आकारात विरघळायची आणि त्याच बदामातून वरमाई प्रकट व्हायची. आत्याला हे फार आवडलं. मग मंगलाष्टकं लागली. अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेव, पलीकडे नवरी, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. अंतरपाट खाली येणार तोच लॅपटॉप विझला. काही बोलला नाही, निळा पडदा नाही, सूचना नाही.

"म्हणजे तुमचं लग्न झालंच नाही?" थोरल्या पुतणीनं विचारलं.

दुसऱ्या रात्री पुन्हा गणेशपूजनापासून, पुन्हा अंतरपाटापाशी अंधार. तिसऱ्या रात्रीही तेच, आणि त्यानंतर घरात उपायांचा मोसम सुरू झाला.

आपल्याकडे उपाय सांगायला आधी दुखणं कळावं लागत नाही. मोठे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या यंत्रांना फुंकर घालतात, त्यांनी डीव्हीडीलाही घातली. आतेभाऊ म्हणाला, बॅटरी काढ, थोडा वेळ थांब, परत लाव. का थांबायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण किती थांबायचं याबद्दल त्याची खात्री होती. शेजारच्या जोशीबाईंनी दारातूनच "व्हायरस" एवढा एकच शब्द उच्चारला आणि दुधाची पिशवी घेऊन गेल्या. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्यानं फोनवरून "फॉरमॅट मार" असा निकाल दिला. त्याला कधीही काहीही विचारलं तरी तो हेच सांगतो. घरातली गळकी तोटीसुद्धा त्याच्या मते फॉरमॅट मारण्याच्या लायकीची आहे. आत्यानं उपाय सांगितला नाही, फक्त त्या वेळी मुहूर्त काढणाऱ्याबद्दलचं जुनं मत पुन्हा बोलून दाखवलं.

त्यातल्या त्यात शहाणी सूचना वहिनीची होती: दुसरी एखादी डीव्हीडी लावून बघा. खरं तर ज्या काळातलं हे लग्न, त्याच काळात मोझर बेअर कंपनीनं सिनेमांच्या डीव्हीडी चौतीस रुपयांना आणल्या होत्या आणि घराघरांत त्यांच्या चळती उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडेही डबे भरपूर निघाले. आत डिस्क मात्र एकाही डब्यात नव्हती. अखेर मेव्हण्यानं अमेरिकेहून आणलेला एक इंग्रजी सिनेमा सापडला, तर ड्राइव्ह म्हणाला, तुमचा विभाग जुळत नाही. सिनेमावाल्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण त्याच्या उभ्या आयुष्यात पाचच वेळा. पाचव्या वेळी ज्या देशात असेल तिथलाच तो कायमचा रहिवासी होतो. एका चाचणीसाठी लॅपटॉपचं स्थलांतर करायला माझं मन झालं नाही.

संशय डिस्कवर जात होता, आणि त्यात चूक काही नव्हती. डीव्हीडी दिसते एकच, पण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून झालेली असते आणि मजकूर त्या दोघींच्या मध्ये असतो. लाल लेझर खालच्या चकतीतून आरपार जाऊन तो वाचतो. मजकूर आतून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणाऱ्या एकाच रेषेत लिहिलेला असतो. ही रेषा उलगडली तर जवळपास बारा किलोमीटर भरेल, म्हणजे शनिवारवाड्यापासून निघून कात्रज मागे टाकता येईल. एवढ्या वाटेवर धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे असणारच. पण म्हणून वाचन थांबत नाही, याचं श्रेय आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकी गणितींना. १९६० मध्ये त्यांनी मांडलेल्या रीतीनं मजकुरासोबत काही जादा आकडे लिहून ठेवतात आणि मधला तुकडा वाचता आला नाही तर त्या आकड्यांवरून तो परत बांधून काढतात. तेव्हा डिस्क चुकते ती रोज, क्षणोक्षणी. आपल्याला दिसतं ते सगळं दुरुस्त झाल्यावरचं. ड्राइव्हचा हा सोसण्याचा गुण संपतो तेव्हाच कुठे आपल्याला कळतं, की आजवर तो सोसत होता.

आणि तो संपला तरी ड्राइव्ह लगेच हार मानत नाही. वेग कमी करतो, तोच तुकडा परत परत वाचतो, ट्रेमधून घरघर ऐकू येते आणि चित्र गोठतं. विंडोज एक्सपीच्या काळात यात एक सरकारी मौज होती. काही वेळा ड्राइव्हचं वाचन फसलं, की विंडोज त्याला खालच्या पदावर आणत असे. एरवी ड्राइव्ह मजकूर परस्पर मेमरीत टाकतो. पदावनतीनंतर मात्र प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतःच्या हातानं वाहून न्यावा लागे, आणि सिनेमा लावला की सगळा संगणक धापा टाकू लागे. गंमत म्हणजे डिस्क बदलली तरी ही शिक्षा चालूच राहायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्ह जिच्यावर जोडलेला असे ती वाहिनीच पुसून टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, मग विंडोज तिला नव्यानं ओळखायचं आणि मागची फाइल विसरायचं. खराब डिस्कमुळे चांगला लॅपटॉप कायमचा मंद झाला अशी तेव्हाची जी तक्रार असे, तिच्या मुळाशी बरेचदा हेच निघे.

पण आमचा लॅपटॉप गोठत नव्हता, विझत होता. हा फरक घरात कुणीच मनावर घेतला नाही. विंडोजच्या नोंदवहीत मी शिरून पाहिलं, तर तिथे एकेचाळीस क्रमांकाची नोंद होती: संगणक नीट बंद न होताच बंद झाला. एवढं आम्हीही सतरंजीवर बसून पाहिलं होतं.

शेवटी तापकीर गल्ली. तिथल्या एका जिन्याखालच्या दुकानात विशीतला एक पोरगा स्क्रू काढत बसला होता. मी त्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, अगदी बदामासकट. त्यानं मान वर न करता विचारलं, "काका, दरवेळी तिथंच बंद पडतो, का तेवढ्याच वेळानं?"

हे आम्हाला सांगताच येईना. आम्ही दर रात्री गणेशपूजनापासूनच लावत होतो, त्यामुळे ती जागा आणि ती वेळ एकच होती. थेट मंगलाष्टकांवर उडी मारायचं मी एकदा सुचवलंही होतं, पण गणपती सोडून लग्न लावायला आत्या तयार नव्हती. म्हणजे धार्मिक कारणानं आमचा पुरावा रोज नष्ट होत होता.

"बरं, बंद पडल्यावर लगेच परत लावला तर?"

तसं एका रात्री केलं होतं. तेव्हा तो हळदीतच गेला होता. आत्या म्हणालीही होती, आता तर मागे मागेच यायला लागलंय.

"मग डिस्क नाय," पोरगा म्हणाला. "ओरखडा सरकत नसतो."

खूप शिकलेल्या माणसांकडून मी यापेक्षा लांब आणि यापेक्षा कमी कामाची वाक्यं ऐकली आहेत. डिस्कचा दोष जागेला बांधलेला असतो. तुम्ही सकाळी लावा, रात्री लावा, मुलीच्या मामाच्या डोक्यावर फेटा चढला की तो भेटणारच. उष्णतेला मात्र कथानकाशी घेणंदेणं नसतं, ती वेळ मोजते. आणि लॅपटॉप आधीच तापलेला असला की तिचं मोजणं मधूनच सुरू होतं. पोरगा काम करता करता आणखीही सांगत होता. डिस्क आत सरकवताक्षणीच बंद पडत असेल तर चक्री सुरू करायला लागणारी वीज पुरत नाही, बॅटरी म्हातारी झालेली असते. बाहेरून जोडायच्या ड्राइव्हला म्हणून तर दोन यूएसबी टोकांची वायर देतात. चित्र पूर्ण पडद्यावर नेताच निळा पडदा येत असेल तर चित्र दाखवणाऱ्या ड्रायव्हरकडे बघायचं. एका प्लेयरमध्ये बंद पडतं आणि दुसऱ्यात नाही, तर विषयच मिटला. उपाय यातला एकही त्यानं अजून सांगितला नव्हता, नुसती विचारणा चालली होती. फुंकर, फॉरमॅट आणि मुहूर्त यांच्यात घालवलेला आमचा सगळा आठवडा मला एकदम स्वस्त वाटू लागला.

त्यानं खालचं झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीची अशी घट्ट नमदी बसली होती, की चिमट्यानं ती अखंड निघाली. पंखा फिरत होता, हवा कुठूनच जात नव्हती. वर पुण्याचा मे महिना, खाली कापसाची गादी, जिच्यात लॅपटॉपच्या पोटाकडची भोकं रोज रात्री रुतून बसत होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला, की स्वतःला वाचवायला वीज तोडतो. निरोप द्यायला थांबत नाही, कारण तेवढा वेळच नसतो. त्याला बिघाड म्हणणंही बरोबर नाही. सबंध घरात वेळेवर शहाणपणानं वागलेला तो एकटाच.

त्या रात्री लॅपटॉप पाटावर ठेवला. आत्याच्या समाधानासाठी गणेशपूजनापासूनच लावला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, पुतणी म्हणाली "झालं एकदाचं", आणि आतेभावानं उगाचच कॉलर नीट केली. सप्तपदी, जेवणाच्या पंगती, आहेर देणाऱ्यांची रांग, त्या रांगेत केस असलेले मोठे काका, सगळं सुरळीत. मग पाठवणी आली आणि चित्र गोठलं. ट्रेमधून घरघर.

मी थेट त्याच प्रसंगावर जाऊन पुन्हा लावलं. तिथेच. थंड लॅपटॉपवर लावलं, तिथेच. तापकीर गल्लीच्या कसोटीनं आता डिस्क दोषी. दोन गुन्हेगार एकाच घरात राहत होते, पहिला पकडेपर्यंत दुसऱ्याची पाळीच आली नव्हती. कारणही सरळ होतं. व्हिडिओवाल्यानं डिस्क काठोकाठ भरली होती, आणि वाचन आतून बाहेर जात असल्यामुळे लग्नाचा शेवट अगदी बाहेरच्या कडेला. तिथेच सगळ्यांची बोटं लागतात. त्यात वरचा कागदी फोटो. डिस्क वेगानं फिरू लागली की असा चिकटवलेला कागद तिचा तोल बिघडवतो, आणि दमट हवेत तो फुगला-आकसला की तीही किंचित वाकते. हे सगळं जास्तीत जास्त जाणवतं ते कडेला. मोठ्या काकांनी डिस्क धोतराच्या सोग्यानं ताट पुसावं तशी गोल गोल पुसली होती, तेही नडलं. पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. आडवा ओरखडा रेषेला एका जागी छेदतो, तेवढं नुकसान रीड आणि सॉलोमन भरून काढतात. गोल ओरखडा रेषेबरोबरच चालत जातो आणि लांबलचक मजकूर सलग खाऊन टाकतो.

कागद उपटायचा मोह सगळ्यांना झाला. तो टाळला, कारण त्याबरोबर चकत्या सुट्या व्हायचीही भीती असते. पोरग्यानं दुकानातल्या मोठ्या ड्राइव्हवर सावकाश वाचत, जे वाचता येत नाही ते वगळत, सगळी डिस्क पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पाठवणीतले थोडे क्षण तेवढे गेले. वहिनी तिच्या आईच्या गळ्यात पडते आणि पुढच्या चित्रात गाडी फाटकाबाहेर असते.

"ढसाढसा रडत होतीस," आत्या म्हणाली.

"एक थेंब नाही," वहिनी म्हणाली.

आतेभाऊ म्हणतो, तो त्या वेळी गाडीत सामान ठेवत होता. मुलांनी दोन्हीकडच्या आज्यांना फोन लावून साक्षी घेतल्या, त्या अपेक्षेप्रमाणे फुटल्या. मूळ चित्रण तेव्हा छोट्या कॅसेटवर होत असे आणि त्याच कॅसेटवर पुढच्या मुहूर्ताचं लग्न घेतलं जाई, हे मी सांगून पाहिलं. आत्याला पटत नाही. मिरजेच्या त्या व्हिडिओवाल्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण त्याचा थोरला भाऊ अजून तिथेच मागच्या गल्लीत राहतो असं तिला कळलंय, आणि परत गेल्या गेल्या ती त्याला गाठणार आहे.