मातीकाका

आमच्या सोसायटीत कुणी कुंडी भरायला घेतली की मातीकाका जिना उतरलेच म्हणून समजा. चिमूटभर माती तळहातावर, वर पाण्याचे दोन थेंब, मग अंगठा आणि तर्जनीत मळून तिची पट्टी ओढणं. पट्टी लांबली की चेहरा फुलतो, "चिकण आहे हो!" मधेच तुटली तर कुंडीच्या मालकाकडे असं बघतात, की तो बिचारा उगाचच ओशाळतो.

काकांची नोकरी नागपूरकडे मृदा सर्वेक्षणात गेली. शबनममध्ये अजूनही रंग जुळवायची मन्सेलची पुस्तिका आणि पातळ आम्लाची बाटली असते. मातीवर थेंब टाकायचा, फसफसलं की चुनखडी. काकूंनी देवघरातली रांगोळी मात्र लपवून ठेवली आहे.

रत्नागिरीला भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवामागे, जांभ्याच्या गडग्यापाशी. "हाही मूळचा बेसॉल्ट आणि वऱ्हाडातली काळीही बेसॉल्टचीच! इथल्या पावसानं सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. तिकडे पाऊस बेताचा, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम टिकलं, फुगणारी चिकणमाती झाली, उन्हाळ्यात भेगेत हात जातो." हे ऐकायला वाढपी तेवढा उभा होता. अक्षता केव्हाच पडल्या होत्या.

एवढं ज्ञान, पण "ही माती कुठली?" असं सरळ विचारा, सरळ उत्तर नाही. "खड्डा पाडल्याशिवाय बोलू नये." मग हवामान, सजीव, चढउतार, मूळ खडक, काळ ही येनीसाहेबांनी १९४१ साली मांडलेली पाच कारणं बोटांवर मोजली जातात. अमेरिकन पद्धतीत मातीचे गण १२. पण काळी दिसली म्हणून कुणी व्हर्टिसॉल होत नाही. चिकण किमान ३० टक्के हवी, भेगा हव्यात, खाली घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग हवेत. एकाच शेतात वरच्या अंगाला मुरूम हाताला लागतो, खालच्या अंगाला दोन हात खणलं तरी काळीच. मधली रेघ कुठे मारायची?

एकदा एका शेतकऱ्याशी त्यांची यावरूनच जुंपली. तो म्हणाला, "आमची काळी, मोरंड, खरडी, बरडी. झालं." काका म्हणाले, "मोरंड संपते कुठे, दाखव!"

"नांगर खडखडला का समजा खरडी आली."

काकांनी निमूटपणे डायरी काढून ते लिहून घेतलं. नकाशावरच्या रेघा आपण पेन्सिलनंच का मारायचो, हे ते तेव्हापासून सगळ्यांना सांगतात.

तेव्हा कुंडीपुरती माती हवी असेल, तर गपचूप नर्सरीतून पिशवी आणा. शेत घ्यायचं असेल, तर मात्र काकांनाच घेऊन जा. कुदळ बरोबर ठेवा आणि दिवसभराचा डबा.