चिंचोके मोजणारी वेडी

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या आत्याला अख्खा गाव वेडी म्हणतो. मला त्या वेडाचं मनापासून कौतुक आहे.

चिकुनगुन्यानं तिचे सांधे धरले तेव्हाची गोष्ट. तापाचं निदान होईपर्यंत डॉक्टरांनी पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ दिली नाही, कारण ताप डेंग्यूचा निघाला असता तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकनं रक्तस्रावाचा धोका वाढला असता. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची, दोन गोळ्यांत निदान चार तास जाऊ द्यायचे आणि दिवसभरात सहाच्या पुढं जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. धडधाकट मोठ्या माणसाची मर्यादा चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे अशा आठ गोळ्या. आत्या पडली काडीसारखी, म्हणून सहा.

आत्याला लिहिता येत नाही. तिनं दोन डबे घेतले आणि एकात सहा चिंचोके टाकले. गोळी घेतली की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात जायचा. पहिला डबा रिकामा झाला की पहाटेपर्यंत गोळी बंद.

दुकानदार कात्रीनं पाकीट कापायला लागला की ती त्याचा हात धरते. "भाऊ, नावाकडची बाजू कापू नगंस. लाल रेघ हाय का बघ." तो वैतागतो, "आत्या, गोळी खायाचीय का वाचायचीय?" पण तिचंच बरोबर आहे. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात किराणा दुकानदारालाही पॅरासिटामॉल परवान्याशिवाय विकता येतं. लाल रेघेची डायक्लोफिनॅक मात्र चिठ्ठीशिवाय कुणीच विकू नये. नाव कापून गेलं की कोणती गोळी कुठली ते ओळखू येत नाही.

आणि नाव महत्त्वाचं आहेच. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही तेच, तापाच्या गोळीत तर असतंच. शहाणा माणूस तीन दुखण्यांवर तीन गोळ्या घेतो आणि एकच औषध तिप्पट पोटात जातं. जास्त झालं तरी पहिल्या दिवशी मळमळण्यापलीकडं फारसं कळत नाही. यकृत बिघडल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं, आणि उतारा तर पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यांत चांगला लागू पडतो. म्हणून दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

माझा जीव सर्वांत जास्त तुटतो तो कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दिवाळी झाली की आमच्याकडची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांकडं निघतात. पहाटे चारला फडात उतरायचं, उन्हात मोळ्या वाहायच्या, आडोसा नाही म्हणून बायांनी पाणीच कमी प्यायचं, आणि कंबर मोडली की पुडीतली गोळी. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला शरीर जी रसायनं तयार करतं, तीच डायक्लोफिनॅकसारखी गोळी अडवते. वेदना थांबते आणि मूत्रपिंड तहानेलं राहतं. रिकाम्या पोटी घेतली तर जठरात व्रण होण्याचा धोका वेगळाच. "एकानं काय होतंय, दोन घे" हा फडातला सल्ला मायेनंच दिलेला असतो. म्हणून तर तो अडवणं अवघड जातं.

लेकरांच्या बाबतीत आत्याचं वेड अजून वाढतं. औषध पाजण्याआधी ती वजन विचारते. दहा किलोच्या बाळाला एका वेळी फार तर दीडशे मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे मिलिग्रॅम असलेली बाटली असेल तर सहा मिलिलिटर, अडीचशेची असेल तर तीनच. बाटल्या दिसायला सारख्या, आणि घरातला चमचा कधी केवढा तर कधी केवढा. म्हणून तिनं बाटलीबरोबर आलेली मापाची टोपी धुऊन खुंटीला बांधून ठेवली आहे.

आमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं 1970 साली काम सुरू केलं आणि खेड्यापाड्यांतल्या बायांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. त्यांना 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षर न येणारी बाई औषधाचा हिशेब चोख ठेवू शकते, हे या मातीला जुनं ठाऊक आहे.

परवा रात्री मी तिच्याकडं मुक्कामाला होतो. गुडघा ठणकत होता आणि पहिला डबा रिकामा होता. मी म्हणालो, "आत्या, एकच घे की, कोण बघतंय?" तिनं डबा माझ्यापुढं धरून हलवला. काहीच वाजलं नाही. मग चुलीवर तवा ठेवला, फडक्यात मीठ बांधलं आणि कोंबडं आरवेपर्यंत गुडघा शेकत बसली.