बटण दाबा, धोरण तयार

ऑक्सफर्डला उन्हाळ्यात एक वर्ग भरत आलाय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं ॲनेनबर्ग स्कूल आणि ऑक्सफर्ड यांनी मिळून चालवलेला, माध्यम-धोरण आणि डिजिटल तंत्रज्ञानाचा. देशोदेशीचे तरुण वकील, संशोधक, कार्यकर्ते जमतात आणि इंटरनेट कोणाच्या हाती असावं, अफवा कशी रोखावी, सरकारनं कुठं थांबावं यावर वाद घालतात. हवा गार असल्यामुळे वाद लांबतात.

आमची नम्र सूचना : पुढचा वर्ग सुरतेत भरवा. तोही मे महिन्यात. नाश्त्याला लोचो मिळेल आणि अभ्यासक्रम शहरानं आधीच तयार ठेवलाय.

पेपर पहिला, बातमीचा खरेपणा. २७ डिसेंबर १९०७. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात टिळक व्यासपीठावर उभे, मंडपात गोंधळ आणि एक जोडा हवेत. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला, एवढं पक्कं. पुढं मवाळांनी आपली हकिगत छापली, जहालांनी आपली. जोडा एक, बातम्या दोन. फॅक्टचेकची सोय तेव्हा नव्हती. आज आहे, तरी बातम्या दोनच असतात.

पेपर दुसरा, अफवा. सप्टेंबर १९९४. प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. उधना-लिंबायतमधली खानदेशी घरं कुलपं लावून धुळे-जळगावकडं निघाली. मृतांचे आकडे तोंडोतोंडी फुगत गेले. लक्षात घ्या, सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे अफवेला डेटा पॅक लागत नाही. पुढं १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलला आणि शहराचं नाव धुऊन निघालं. ज्या पालिकेचं काम डोळ्यांना दिसतं, तिच्या खुलाशावर लोक विश्वास ठेवतात. हा उपाय वेळखाऊ आहे, म्हणून तो कोणी पुन्हा वापरत नाही.

पेपर तिसरा, प्रात्यक्षिक. २५ ऑगस्ट २०१५. अहमदाबादेत आरक्षणासाठी पाटीदारांची सभा, त्यांचा नेता हार्दिक पटेल ताब्यात, मग जाळपोळ. सुरतेत वराछा-कापोद्रा पेटलं आणि गुजरातेत मोबाइल इंटरनेट बंद. आधार कोणता? कलम १४४. जमाव पांगवायचं कलम फोनवर चालवलं. १९ सप्टेंबरला हार्दिकला सुरतेतच ताब्यात घेतलं आणि नेट पुन्हा गेलं. मधल्या काळात प्रकरण हायकोर्टात पोचलं होतं. कोर्टानं बंदी योग्य ठरवली. ब्रॉडबँड आणि वायफाय चालू होतं, याचीही नोंद घेतली.

बरोबरच आहे. रिंग रोडच्या कापडबाजारात शेठजींच्या गादीमागं ब्रॉडबँडची वायर होती. पांडेसऱ्याला लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या भाऊकडं फक्त रिचार्ज होतं. शांतता राखायची जबाबदारी बहुधा त्याच्या एकट्याकडंच असावी.

पेपर चौथा, परीक्षा. २८ फेब्रुवारी २०१६. तलाटी भरतीत कॉपी होऊ नये म्हणून सकाळी काही तास राज्यातलं मोबाइल इंटरनेट बंद. वर्गातल्या पर्यवेक्षकावर भरवसा नाही, म्हणून सहा कोटींच्या राज्याला खाली बसवलं. तेव्हा निदान खिशात नोटा होत्या. आता लोचोच्या गाडीवरही क्यूआर कोड चिकटलाय; बटण दाबलं की नाश्ताही स्थगित.

कायदा नाही असं म्हणून परदेशी पाहुण्यांनी हिणवू नये. कायदा भरपूर आहे. २०१७ मध्ये इंटरनेटबंदीचे नियम आले, तेही १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली. गंमत म्हणजे तारसेवा २०१३ लाच बंद झाली होती. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलं : बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करा. मग १५ दिवसांची मर्यादा आली. नवा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियम आले. नियम वाढले, बटण होतं तिथंच आहे.

बटण किती वेळा दाबलं? संसदीय समितीनं तेच विचारलं, तर केंद्राच्या दूरसंचार आणि गृह या दोन्ही खात्यांकडं नोंदच नव्हती, असं तिच्या डिसेंबर २०२१ च्या अहवालात आहे. मोजणी बाहेरच्यांनी केली. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या इंटरनेटबंदीच्या यादीत २०२४ साली म्यानमार ८५, भारत ८४. लष्करी राजवटीशी लोकशाहीनं इतकी चुरशीची लढत दिली आणि एका धावेनं हरली. टीव्हीवर एकही चर्चा झाली नाही.

शेवटी प्रकल्प. विद्यार्थ्यानं महिन्याभरात देशातल्या कुठल्याही एका जिल्ह्याच्या सगळ्या बंदी-आदेशांच्या प्रती गोळा करायच्या : कारण, मुदत, सही यांसकट. कोर्टानं ते प्रसिद्धच करायला सांगितलेत, म्हणजे काम सोपं. ज्याच्या हाती सगळे लागतील त्याला प्रमाणपत्र. बाकीच्यांच्या राहण्याची सोय मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत करून ठेवावी.