मर्दानगीची नस

डहाणू-तलासरीकडे तिसऱ्या बाळंतपणानंतर बाई ऑपरेशनला जाते आणि नवरा तिची पिशवी जीपच्या टपावर चढवतो. तू का नाही करून घेत, असं त्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ताकद जाते. मग काम कोन करनार?’ वीटभट्टी, गवंडीकाम, वापीची कंपनी सगळं त्याच्याच ताकदीवर चालतं. भाताची आवणी, मोळी आणि पाण्याचे हंडे बहुधा आपोआप होत असावेत.

शहरवाल्यांनी हसायचं कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के निघाली. यात चिकूच्या वाडीचे मालकही आले आणि बोरिवलीचे इंजिनिअरही. आणीबाणीत सरकारने पुरुषांना धरून धरून नसबंदी केली, त्याचा धसका अजून आहे, हे खरं. पण तो धसका घेतला पुरुषांनी आणि टेबलावर गेल्या बायका.

टेस्टोस्टेरॉन अंडकोषातल्या लेडिग पेशींत बनतं आणि थेट रक्तात उतरतं. दाढी, आवाज, स्नायू, हाडं, इच्छा, सगळीकडे ते रक्तातूनच पोचतं. नसबंदीत बंद होते ती शुक्रजंतूंची नळी. तिचा न् ताकदीचा संबंध नाही.

उलट शंभर वर्षांपूर्वी युरोपातले म्हातारे तरुण व्हायला हीच नळी बांधून घेत! व्हिएन्नाच्या स्टाइनाख नावाच्या शास्त्रज्ञाचा दावा होता की त्याने अंतःस्राव वाढतो. फ्रॉइडने १९२३ मध्ये आणि कवी येट्सने १९३४ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं. दावा फोल ठरला. पण ताकद गेल्याची तक्रार येट्सने केली नाही, उलट शेवटपर्यंत कविता आणि प्रेमप्रकरणं दोन्ही जोरात.

आता खरी ताकद जाते कुठे ते बघा. दंडाचा घेर वाढावा म्हणून जिममधली पोरं टेस्टोस्टेरॉनची सुई मारून घेतात. ज्याच्या शरीरात ते मुळातच कमी बनतं त्याला डॉक्टर रक्त तपासून ती देतात, ते औषध. धडधाकट गड्याने घेतली की बाहेरून माल आलेला बघून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना सुट्टी देते. ते आकसतात, शुक्रजंतू आटतात. इतके, की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याची हीच सुई संततिनियमनासाठी तपासून पाहिली, १९९० मध्ये निकालही छापला.

म्हणजे नसबंदीला घाबरलेला गडी पदरचे पैसे मोजून तेच साधतो. मग लग्नाला दोन वर्षं होऊनही पाळणा हलत नाही, आणि तपासणीला आधी पाठवतात बायकोला.